शेवटच्या बंदराचा माल आधी

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



फळ्यावरचा विषय वाचून काहीजण हसले, ते मी बघितलं. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठाच्या मानसशास्त्राच्या पदवीला जायचं तर विषयांची आखणी कशी करायची. आणि सांगणार कोण, तर गोदीत कंत्राटदाराच्या टोळीतला मॅट्रिक पास गडी. कविता लिहितो म्हणून तुम्ही माझ्या हातात माईक देता, नाहीतर गेटवरनंच परत. असो. पण हे मी कुठल्या चोपड्यातून उचललेलं नाही. दोन वर्षं फोनवर बसून एका माणसाचा एकेक विषय मी त्याच्याबरोबर मांडलाय, खोडलाय, परत मांडलाय.

माणूस आमच्याच चाळीतला. त्याची आई नर्स, ती आधी गेली, मग ग्रीन कार्डावर हा गेला. रात्री गोदामात पार्सलं उचलतो, दिवसा कॉलेज. माझी दुसरी पाळी सुटते तेव्हा तिकडे सकाळचे अकरा वाजलेले असतात. ह्याचा धाकटा भाऊ इथं असताना एक दिवस खोलीतून बाहेर यायचा थांबला. आठ महिने. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं नाटक करतोय. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरनं तीन मिनिटं दिली, त्यातलं एक मिनिट आडनाव विचारण्यात गेलं. तेव्हा ह्यानं ठरवलं की ह्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर आपण बसायचं. म्हणून मानसशास्त्र. इंजिनिअरिंग नको, कॉम्प्युटर नको. आई रडली, पण हा हटला नाही.

आता तुम्ही म्हणाल, त्याचं आम्हाला काय? तर ऐका. ओकलंड तुम्हाला माहीत आहे. काळी टोपी, चामड्याचं जाकीट, हातात बंदूक, हे पोस्टर तुमच्यातल्या निम्म्यांच्या मोबाईलमध्ये असेल. ब्लॅक पँथर पार्टी ऑक्टोबर १९६६ मध्ये तिथं निघाली, १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी नाव उचललं ते तिथूनच. पण ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील एकमेकांना भेटले कुठं? बंदुकीच्या दुकानात नाही. मेरिट कॉलेजात. कम्युनिटी कॉलेज. ज्या शहरात काळ्यांना वस्त्यांत कोंडलं होतं, त्या शहरातलं, वस्तीच्या जवळचं, कुणालाही दार उघडं असलेलं कॉलेज. तिथं ते पोलिसांवर नजर ठेवायच्या आधी अभ्यासक्रमावर नजर ठेवून होते. काळ्यांचा इतिहास शिकवा, हा त्यांचा झगडा आधीचा. पोस्टरवर टाइमटेबल छापत नाहीत, म्हणून आपल्याला ते दिसत नाही. (पुढे १९७१ साली हे कॉलेज काळ्या वस्तीतून उचलून टेकडीवर नेलं. आपल्याकडे टेकड्या कमी, म्हणून कॉलेजं हायवेला जातात.)

ही व्यवस्था कशी बनली ते थोडक्यात. १९६० साली कॅलिफोर्नियानं उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला. वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, वरचे एक तृतीयांश स्टेट युनिव्हर्सिटीला, आणि उरलेल्या सगळ्यांना कम्युनिटी कॉलेज. म्हणजे वर्णव्यवस्थाच की काय, असं मी पहिल्यांदा म्हणालो. फरक एवढाच, की खालून वर जायला जिना ठेवला. दोन वर्षं खाली शिका, तिसऱ्या वर्षापासून वर या. विद्यापीठानं वरच्या दोन वर्षांत जागा राखायच्या. गंमत अशी, की त्याच १९६० साली त्या किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या युनियननं यांत्रिकीकरणाचा करार केला. जुन्यांना पेन्शन, मालकांना यंत्रं. एकाच वर्षी हमालाची पाठ मोकळी झाली आणि हमालाच्या पोराला जिना बांधला. मोकळ्या पाठीचं काय झालं, ते आम्हाला न्हावाशेवाकडे बघून कळतं. जिन्याचं काय झालं, ते सांगतो.

जिना आहे, पण पायऱ्यांवर नंबर नाहीत. आज तिथं ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत, वीस लाखांच्या आसपास विद्यार्थी आहेत. दार सगळ्यांना उघडं. आत शिरल्यावर हातात कॅटलॉग देतात, जाडजूड, शेकडो विषय. घ्या काय हवं ते. आपल्यासारखा माणूस, ज्याच्या घरात कुणी कॉलेज बघितलेलं नाही, तो काय करतो? जे वर्ग पाळीच्या वेळेत बसतात ते घेतो. जे सोपे वाटतात ते घेतो. दोन वर्षांनी हिशेब करतो तेव्हा युनिटं भरपूर आणि कामाची थोडी.

गोदीत जहाज भरताना बघितलंय का कुणी? शेवटच्या बंदरात उतरायचा माल आधी तळाला जातो. पहिल्या बंदराचा वर. उलटं भराल तर प्रत्येक बंदरात सगळा माल उपसत बसाल. मुकादम जहाजाच्या खणात उतरायच्या आधी विचारतो, हे जातंय कुठं? आखणी तशीच करायची. कॉलेजच्या कॅटलॉगपासून सुरुवात नाही. ज्या विद्यापीठात जायचं, त्याचा मानसशास्त्र विभाग दारात काय मागतो, ते आधी.

इथं एक शब्द जपून ऐका. ‘ट्रान्स्फरेबल’. कौन्सेलर म्हणतो, हा विषय ट्रान्स्फरेबल आहे. पोरगं खूश. पण त्या एका शब्दात तीन वेगळे प्रश्न आहेत. पहिला, ह्या विषयाची युनिटं विद्यापीठ मोजणार का? दुसरा, ते सर्वसामान्य शिक्षणाच्या खात्यात धरले जाणार का? तिसरा, माझ्या मुख्य विषयाची पूर्वतयारी म्हणून धरले जाणार का? एखादा विषय पहिल्यात ‘हो’ आणि तिसऱ्यात ‘नाही’ असू शकतो. मानसशास्त्राच्या नावाचे कितीतरी विषय कॉलेजात असतात. नातेसंबंधांचं मानसशास्त्र, व्यक्तिमत्त्व विकास, नोकरीतलं वर्तन. वाचायला मजा, युनिटं मोजली जातात, पण विद्यापीठाचा विभाग म्हणतो आमच्या पूर्वतयारीत हे नाही. माझ्या दोस्तानं पहिल्याच सेमिस्टरला असे दोन घेतले होते. कौन्सेलरनं डोळे मिटून सही केली. कॉलेजचं नाव घेत नाही, सही करणारे सगळीकडे सारखेच.

ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका ठिकाणी, फुकट, उघडी ठेवलेली आहेत. ‘असिस्ट’ नावाची राज्याची अधिकृत नोंद आहे, कॉम्प्युटरवर बघायची. वर्ष निवडा, आपलं कॉलेज निवडा, जायचं विद्यापीठ निवडा, मुख्य विषय निवडा. तक्ता येतो. एका बाजूला विद्यापीठाचा विषय, समोर आपल्या कॉलेजातला त्याच्या तोडीचा. जिथं तोडीचा नाही तिथं स्पष्ट लिहिलेलं असतं की नाही. हा दोन संस्थांमधला करार आहे, कुणाच्या मर्जीचा मामला नाही. आपण आयुष्यभर साहेबाच्या तोंडाकडे बघत काम केलं, म्हणून आपल्याला वाटतं नियम साहेबाच्या तोंडात असतो. तो कागदावर आहे. वर्ष बघून कागद काढून ठेवायचा, फाईलला लावायचा, आणि कौन्सेलरकडे जाताना बरोबर न्यायचा. दोन विद्यापीठांना अर्ज करायचा असेल तर दोन कागद, तीनला तीन. मग ते शेजारी ठेवून बघायचं, कुठला विषय सगळ्यांना लागतो. तो आधी.

मानसशास्त्रात असे विषय साधारण चार निघतात. मानसशास्त्राची ओळख, संख्याशास्त्र, संशोधनपद्धती, आणि मेंदू-मज्जासंस्थेचं म्हणजे जैविक मानसशास्त्र. त्यापुढे विद्यापीठागणिक फरक. कुणी जीवशास्त्र मागतं, कुणी कॅल्क्युलस मागतं. आता नीट बघा, ह्या चारांत साखळी आहे. संशोधनपद्धतीच्या वर्गात बसायचं तर साधारणपणे ओळखीचा विषय आणि संख्याशास्त्र दोन्ही आधी पास झालेले लागतात. संख्याशास्त्र तिसऱ्या सेमिस्टरला टाकलं, तर संशोधनपद्धती चौथ्याला. आणि चौथ्याला तो वर्ग भरला असेल, किंवा तुमच्या पाळीच्या वेळेत असेल, किंवा त्या सेमिस्टरला लावलेलाच नसेल, तर गेलं वर्ष.

दोस्ताला कौन्सेलर काय म्हणाला? ‘आधी सोपे सोपे घे, गणिताचं मग बघू.’ प्रेमानं म्हणाला. हे प्रेम मला ओळखीचं आहे. आमच्या शाळेतले एक मास्तर असंच प्रेमानं म्हणायचे, तुला कशाला बीजगणित, तुला तर कामालाच जायचंय. दोस्ताचं त्या प्रेमापायी एक आख्खं सेमिस्टर वाया गेलं.

संख्याशास्त्राबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी चहा घेऊन यावा.

मानसशास्त्र हे काही सगळं कनवाळू शास्त्र नाही. ह्याच कॅलिफोर्नियात, स्टॅनफर्डमध्ये, १९१६ साली लुईस टर्मननं बुद्धिमापनाची चाचणी बसवली आणि माणसांना आकडे लावले. काळ्यांची, मेक्सिकनांची बुद्धी जन्मजातच कमी, असं हा माणूस लिहायचा. पुढे शाळा असे आकडे बघून पोरं निवडायला लागल्या. ‘मतिमंद’ म्हणून वेगळ्या वर्गात टाकायला लागल्या. १९६८-६९ साली राज्यातल्या शाळांत काळी मुलं ९ टक्के होती, आणि त्या मतिमंदांच्या वर्गांत २७ टक्के. नऊ आणि सत्तावीस. तिप्पट. १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या काही काळ्या मुलांच्या वतीनं दावा दाखल झाला, ‘लॅरी पी. विरुद्ध राइल्स’. लॅरी पी. हे खरं नाव नाही, पोराला झाकायला कोर्टात घेतलेलं. राइल्स राज्याच्या शिक्षणखात्याचा प्रमुख, आणि तो स्वतः काळा होता. खुर्चीवर आपला माणूस बसवला म्हणजे खुर्ची बदलते असं समजणाऱ्यांनी हे वहीत लिहून ठेवावं. त्या मुलांची पुन्हा तपासणी कुणी केली? काळ्या मानसशास्त्रज्ञांनी. त्यांची संघटना १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोतच उभी राहिली होती. ते मुलांशी त्यांच्या बोलीत बोलले, आणि मतिमंद ठरवलेली ती पोरं मतिमंद निघाली नाहीत. १९७२ साली तात्पुरता मनाईहुकूम, १९७९ साली निकाल. काळ्या मुलांना त्या वर्गात टाकायला बुद्धिमापनाची चाचणी वापरायची नाही.

आता मला सांगा, त्या कोर्टात ‘अन्याय झाला’ असं ओरडून काय झालं असतं? ओरडणारे आधीही होते. चाचणी कुणावर बेतून तयार केली, नमुना कुणाचा घेतला, नऊचे सत्तावीस योगायोगानं होतात का, हे ज्यांना मांडता आलं त्यांचं ऐकावं लागलं. हे सगळं संख्याशास्त्र आणि संशोधनपद्धतीच्या वर्गात शिकवतात. म्हणून हा विषय दोस्तानं दुसऱ्या सेमिस्टरला घेतला. फोनवर मला रोज शिव्या देत घेतला. प्रमाणित विचलन म्हणजे काय, ते त्यानं मला गोणींच्या वजनावरून समजावलं. सरासरी पन्नास किलो म्हटलं तरी कुठली गोण बेचाळीस आणि कुठली अठ्ठावन्न, ते पाठीला कळतं. त्याला बी मिळाली. मला काहीच मिळालं नाही, पण समजलं.

पूर्वी तर ह्या वर्गापर्यंत पोचूच द्यायचे नाहीत. कॉलेजात आलेल्या पोराची परीक्षा घ्यायची आणि त्याला एक पायरी, दोन पायऱ्या खालच्या गणितात बसवायचं. त्या वर्गांची युनिटं विद्यापीठ मोजत नाही. अशा खालच्या वर्गांत किती काळी, किती मेक्सिकन पोरं गाडली गेली! २०१७ साली कायदा झाला, त्याला एबी ७०५ म्हणतात, आणि २०१९ पासून कॉलेजांना पोरांना सरळ विद्यापीठ-पातळीच्या इंग्रजी-गणितात बसवावं लागलं, गरज पडली तर जोडीला मदतीचा वर्ग देऊन. तुम्हाला कुणी अजून ‘आधी खालचं कर’ म्हणालं, तर कायद्याचा नंबर सांगा.

सर्वसामान्य शिक्षणाचं खातं पटकन सांगतो. २०२५ च्या हिवाळ्याआधीच्या सेमिस्टरपासून नव्यानं आलेल्यांना ‘कॅल-जेट्सी’ नावाचा एकच साचा आहे, दोन्ही विद्यापीठांना चालतो. ११ विषय, ३४ युनिटं. इंग्रजी लेखन, चिकित्सक विचार, भाषण, गणित, कला आणि मानव्य, सामाजिक शास्त्रं, विज्ञान. हुशारी इथं करायची, एका दगडात दोन पक्षी. संख्याशास्त्र गणिताच्या खान्यातही बसतं आणि मुख्य विषयातही. मानसशास्त्राची ओळख सामाजिक शास्त्रांतही. जीवशास्त्र प्रयोगशाळेसकट घेतलं तर विज्ञानातले दोन खाने एकदम. पण सामाजिक शास्त्रांत दोन विषय दोन वेगळ्या शाखांतले लागतात, दोन्ही मानसशास्त्राचे चालत नाहीत.

आणि अकरावा खाना आहे ‘एथ्निक स्टडीज’चा. काळे, मूळनिवासी, मेक्सिकन, आशियाई अमेरिकन, ह्यांचा इतिहास, सक्तीनं. हा कुठून आला? मेरिटमधल्या त्या झगड्यातून, आणि सॅन फ्रान्सिस्को स्टेटच्या संपातून. नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९, पोलिसांच्या लाठ्या खात पाच महिने. तेव्हा ज्याच्यासाठी डोकी फुटली, तो आज फॉर्मवरचा एक खाना आहे. दोस्त म्हणाला, वर्गातली अर्धी पोरं झोपतात. मी म्हटलं, झोपू दे, झोपायला का होईना बसावं तर लागतं.

आता युनिटं आणि पैसा. वर जायला ६० सेमिस्टर युनिटं लागतात. सरकारी मदतीसाठी १२ युनिटं घेतली की तुम्ही पूर्णवेळ. पण बारा गुणिले चार अठ्ठेचाळीस! पूर्णवेळ राहूनही दोन वर्षांत साठ होत नाहीत, पंधरा-पंधरा घ्यावी लागतात नाहीतर उन्हाळ्यात वर्ग करावे लागतात. हे कुणी सांगत नाही. रात्रपाळी करणाऱ्यानं पंधरा घ्यावीत असं मी म्हणणार नाही, नापास व्हाल. सी च्या खालचा विषय पूर्वतयारीत चालत नाही. तीन वर्षं धरा, पण तीन वर्षांची साखळी पहिल्या दिवशी मांडा. फी युनिटला ४६ डॉलर, म्हणजे साठाचे २,७६० डॉलर. गरिबाला तीही माफ होते. १९८४ पर्यंत तर फीच नव्हती. आणि केंद्र सरकारची पेल मदत आयुष्यात बारा पूर्णवेळ सेमिस्टरांपुरतीच. निरुपयोगी विषयावर घालवलेलं सेमिस्टर त्यातून वजा होतं, आणि वरच्या महागड्या वर्षांत तेच नेमकं कमी पडतं.

वर जायचे रस्ते दोन. स्टेट युनिव्हर्सिटीसाठी २०१० च्या कायद्यानं खास ट्रान्स्फरची असोसिएट पदवी केली. मानसशास्त्राची ती घेतली की कुठल्यातरी कॅम्पसमध्ये जागा नक्की आणि पुढच्या ६० युनिटांत पदवी. ‘कुठल्यातरी’ हा शब्द विसरू नका. ज्या कॅम्पसला गर्दी, तिथं हमी नाही. ह्याच स्टेट युनिव्हर्सिटीनं जानेवारी २०२२ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात ‘जात’ हा शब्द घातला. दोस्तानं ते वाचून दाखवलं तेव्हा मी थोडा वेळ गप्पच बसलो. पुढच्याच वर्षी राज्याच्या कायद्यात तो शब्द घालायचं विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं आणि गव्हर्नरनं नकाराधिकार वापरला, तेही ऐकून ठेवा.

दुसरा रस्ता युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा. तिथल्या सहा कॅम्पसची लेखी हमी मिळते. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. एकाच कॅम्पसची मागता येते. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो हमी देत नाहीत. कुठल्या विषयाला किती गुणांवर, ते दर वर्षी नव्यानं तपासायचं. हमीचा अर्ज सप्टेंबर महिन्यात, आणि तोवर ३० युनिटं पदरात हवीत. मुख्य अर्ज त्यामागून ऑक्टोबर-नोव्हेंबरात. इंग्रजीचे दोन आणि गणिताचा एक, हे आदल्या वसंतातल्या सेमिस्टरपर्यंत संपलेच पाहिजेत.

दोस्ताला बर्कलीच हवं होतं. मी म्हटलं, अर्ज कर, पण हमी सँटा क्रूझची घे. ह्यूई न्यूटन, जो शाळेतून बाहेर पडला तेव्हा त्याला धड वाचता येत नव्हतं असं तो स्वतः सांगतो, तो मेरिटमधून असोसिएट पदवी घेऊन त्याच सँटा क्रूझला गेला. १९७४ साली पदवी, १९८० साली डॉक्टरेट, आणि प्रबंधाचा विषय, सरकारनं पँथर्सना कसं चिरडलं. १९८९ साली त्याच्याच ओकलंडमध्ये त्याला गोळी घातली, तेही आलंच. त्याच्या सगळ्याच गोष्टींचं मी समर्थन करत नाही. पण रस्ता त्यानं चालून दाखवलाय.

आपल्याकडे बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं ते नोकरी करणाऱ्या पोरांसाठी सकाळचे वर्ग ठेवून. वेळेचा प्रश्न त्यांनी तेव्हा ओळखला होता. आता २०२१ पासून आपल्याकडे क्रेडिटची बँकही आली आहे, पुस्तकात जमा करा म्हणतात. पण बँकेत जमा होणं वेगळं आणि दुसऱ्या दुकानात ती नोट चालणं वेगळं. कुठल्या कॉलेजातला कुठला विषय कुठल्या विद्यापीठात कशाच्या बदली, असा उघडा तक्ता आपण मागितला पाहिजे. रीतसर, लेखी.

दोस्ताचा हमीचा अर्ज सप्टेंबरात गेला. संशोधनपद्धतीचा वर्ग चालू आहे, जीवशास्त्राची प्रयोगशाळा राहिली आहे, ती वसंतात. भाऊ आता बरा आहे, कुर्ल्याला दुकानात बसतो. मी ह्या सगळ्या आखणीचा एक मोठा कागद केलाय, उलट्या क्रमानं, वरून खाली. तो मागच्या भिंतीला लावलाय. त्यावर पेन्सिलनं लिहा, पेनानं नको, खोडावं लागतं. ज्यांचं कुणी तिकडे आहे त्यांनी फोटो काढून पाठवा. प्रश्न विचारायचे तर आत्ता विचारा, दहाची लोकल पकडायची आहे, आज तिसरी पाळी.